सुरतेच्या बाजारात जेवलेली गोधडी

अमळनेरच्या फलाटावर हमालाने माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतली, तेव्हा आतून आरती सुरू झाल्यासारखा आवाज झाला. फलाटावरच्या माणसांनी माना वळवल्या. मला तेवढंच हवं होतं. मी खांद्यावरची शबनम सारखी केली आणि रंगमंचावर शिरावं तसा डब्यात शिरलो.

ट्रंकेत माझे दिवे होते. पाणीपुरवठ्याची नोकरी सांभाळून मी घरी दिवे करतो. पितळी किटली, चेपलेला तांब्या, कुणाच्या तरी आजोबांचा पानाचा डबा, हाताला जे लागेल त्याला भोक पाडायचं, आत वायर ओवायची आणि वर बल्ब बसवायचा. आमच्या सौभाग्यवती या कलेला ‘भोकं पाडणं’ एवढंच म्हणतात. सुरतेच्या विंटेज बाजारात मी एका रविवारपुरतं टेबल घेतल्याचं त्यांना सांगितलं, तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, “येताना ट्रंक तरी परत आणा.”

डब्यात समोर बसलेल्या धोतरवाल्या बाबांनी विचारलं, “काय नेऊन राहिले?”

“विकायचा माल. सुरतेला.”

“कापड नाही ना?”

“छे, दिवे.”

“मग ठीक. सुरतेत कापड विकायला नेणं म्हणजे रावेरला केळी नेणं.”

सगळा डबा हसला, मीही हसलो. तेव्हा मला कुठे ठाऊक होतं, की आमचं सगळं नाटक याच वाक्यावर उभं राहणार आहे.

नंदुरबार गेलं, नवापूर आलं. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरून सीमा जाते. मी मुद्दाम खाली उतरलो, भजी महाराष्ट्रात विकत घेतली आणि गुजरातेत जाऊन खाल्ली. भज्यांना काही फरक पडला नाही. गाडीने मात्र शिट्टी दिली आणि माझा सगळा रुबाब दोन राज्यांतून पळत डब्यात शिरला.

सुरतेच्या जरा अलीकडे, उधन्याला उतरताना ट्रंकेची कडी निघाली. एक किटली फलाटावर उतरून थेट पुढे चालू लागली. एका पोलिसाने ती बुटाने अडवली, उचलून बल्बाकडे बघितलं आणि गंभीरपणे विचारलं, “यात चहा होतो का?”

माझी धाकटी बहीण मंगल नवागामात राहते. उधन्याहून रिक्षा डिंडोलीच्या दिशेने वळली की घरं एकमेकांच्या खांद्यावर बसायला लागतात. गल्लीत एका ओट्यावर अहिराणी, दुसऱ्यावर वऱ्हाडी, आणि पोरं मात्र आपापसांत गुजराती. नुकतीच संक्रांत झाली होती. विजेच्या प्रत्येक तारेवर एखादा तरी पतंग फाशी गेलेला होता. जवळच्या खात्यांतून (इथे लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात) खटखट चालूच होती. पहिल्या तासाला ती ऐकू येते, नंतर ती थांबली तरच ऐकू येईल.

“दादा, कसा शे?” (कसा आहेस?) म्हणत मंगल दारात आली आणि मागोमाग तिचे यजमान, माझे दाजी. दाजी लूमवर रात्रपाळी करतात आणि बोलणं दिवसपाळीपुरतं राखून ठेवतात.

“या शालकसाहेब,” ते ट्रंकेकडे बघत म्हणाले. “भंगार आणलं वाटतं.”

खोली एकच. एका भिंतीला स्वयंपाक, एका भिंतीला कपाट आणि दाराशी मंगलचं पायमशीन. त्या मशीनवर मंगल कापड बाजारातून आलेल्या चिंध्या जोडते, थर लावते, मग वरून हाताने धावदोरा घालून गोधडी शिवते. चार जणींच्या घरी तिने गोधड्या फुकट दिल्या आहेत, विकलेली मात्र एकही नाही. बाकी वेळ ती साड्यांवर टिकल्या चिकटवण्याचं काम घरी आणते, ते तिला मनापासून आवडत नाही.

जेवताना खरी गोष्ट कळली. भाची दहावीला आहे. तिला अभ्यासाला टेबल हवं, आणि टेबल ठेवायचं तर मशीन हलवल्याशिवाय जागा नाही. दाजींचं काही चुकत नव्हतं. सोमवारी गावाकडे जाणाऱ्या टेम्पोत मशीन चढवायचं, हे त्यांनी पक्कं केलं होतं.

“तिकडे आईच्या घरी पडून राहील,” मंगल भात वाढत म्हणाली. आवाज अगदी साधा होता. पण भात तिने माझ्या ताटात वाढला, मग दाजींच्या, आणि परत माझ्या.

“तुझ्या गोधड्या माझ्या टेबलावर मांड,” मी म्हणालो. “विकल्या गेल्या तर मशीन राहील?”

दाजी हसले. “सुरतेत कापड विकता? ते पण चिंध्यांचं? शालकसाहेब, गोधड्या विकल्या गेल्या तर मी टेम्पोवाल्याला स्वतः परत पाठवीन.”

“शब्द?”

“शब्द.”

रविवारी सकाळी आम्ही तिघे रिक्षात ट्रंकेसकट आणि गाठोड्यासकट कोंबले गेलो. दाजी रात्रपाळी करून आले होते, पण माझी फजिती चुकवायची त्यांची तयारी नव्हती. वाटेत लोचो खाल्ला. डाळ वाफवून केलेला, चमच्याने खायचा मऊ लगदा, वर तेल, शेव, कांदा, लिंबू. गाडीवाल्याने कौतुकाने सांगितलं की कधीतरी कुणाचा तरी ढोकळा बिघडला आणि त्याचा लोचो झाला. बिघडलेला पदार्थ इतक्या अभिमानाने वाढणारं शहर मला तिथेच आवडून गेलं.

बाजार अडाजणच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर होता. मंडप, झुंबरं, जुने रेडिओ, एनॅमलची ताटं, गोटीवाल्या सोड्याच्या बाटल्या. आमच्या शेजारी हसमुखभाई नावाचे गृहस्थ घड्याळं घेऊन बसले होते. त्यातलं एकही चालू नव्हतं.

मी दिवे पुढे मांडले, आणि गोधड्या काही मागे टांगल्या, काही दिव्यांखाली अंथरल्या. हसमुखभाईंनी मान तिरकी करून पाहिलं. “नवी छे?”

“हो. घरी शिवलेल्या.”

“नवी नहीं बोलवानुं,” ते कानाशी येऊन म्हणाले. “सौ वरस जूनी बोलो. (शंभर वर्षं जुनी म्हणा.) मारी घडियाळ पण जन्मथी ज सौ वरसनी छे. (माझी घड्याळंही जन्मापासूनच शंभर वर्षांची आहेत.)”

मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. रंगभूमीवर मी राजे केले आहेत, शंभर वर्षं म्हणजे काय. पण मंगल म्हणाली, “दादा, यातली निळी चिंधी मागच्या दिवाळीची आहे, शंभर वर्षं कुठून आणू?”

दुपारपर्यंत लोक आले, दिव्याच्या किटलीत बोट घालून बघितलं, “तमे बनाव्युं? वाह,” म्हणाले आणि पुढे गेले. दाजी खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. झोप त्यांच्या डोळ्यांत आणि विजय ओठांवर होता.

मग काळा चष्मा लावलेल्या एक उंच बाई आल्या. दिव्यांकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्यांनी दिव्याखालची गोधडी हळूच ओढली, धावदोऱ्यावरून बोट फिरवलं, ती गालाला लावली. मी मनातल्या मनात पडदा वर घेतला.

“कीडी!” बाई किंचाळल्या आणि त्यांनी गोधडी टाकली.

मुंग्या. टेबलाच्या पायावरून निघालेली एक शिस्तशीर दिंडी गोधडीच्या बरोबर मध्यभागी, जिथे छोटा चौकोनी तुकडा शिवला होता, तिथे आत शिरत होती. टांगलेल्या गोधड्यांवरही तेच. आजूबाजूचे चार लोक मागे सरकले.

“झालं,” दाजी उठले. “टेम्पोवाल्याला सकाळी लवकरच बोलावतो.”

मी मंगलला बाजूला घेतलं. “घासात काय घातलंस?”

आता वाचकांसाठी सांगतो. आमच्या घरी गोधडी पुरी होताना तिला घास भरवतात. मध्यभागी भाकरीचा कोरडा तुकडा ठेवून वर चौकोन शिवायचा. गोधडीच उपाशी असेल तर पांघरणाऱ्याला ऊब कुठून देणार, असं आमची आई म्हणायची. भाकरीला मुंग्या येत नाहीत. ती वर्षानुवर्षं आत गप्प बसते.

“गूळपोळी,” मंगल खाली बघत म्हणाली.

“गूळपोळी? आई भाकरी घालायची ना?”

“ती घरच्यांसाठी, दादा. काल रात्री बसून घास भरले ते परक्या लोकांसाठी. त्यात सुरतेचे, गोड खाणारे. पाहुण्याला कोरडी भाकर घालू?”

संक्रांतीच्या गूळपोळ्या हिने पोरीला कमी दिल्या असतील, पण गोधड्यांना पोटभर वाढल्या होत्या.

अशा वेळी शहाणा माणूस गाठोडं बांधतो. मी ट्रंकेवर चढलो.

“बेन,” मी माझ्या गुजराती, हिंदी आणि मराठी अशा तीन पायांच्या भाषेत सुरुवात केली, “या बाजारात कोणतं घड्याळ किती जुनं, हे देव जाणे आणि हसमुखभाई जाणे. पण या गोधडीत गूळ आहे, आणि तो अस्सल आहे, याची साक्ष द्यायला बघा किती जणी चालत आल्यात.”

हसमुखभाई सगळ्यांत मोठ्याने हसले. बाईंनी चष्मा वर केला. “अंदर गोळ? केम?” (आत गूळ? का?)

मंगल पुढे झाली. तिने कात्रीने चौकोनाचा टाका उसवला, आतला तुकडा तळहातावर काढून दाखवला, गोधडी खसाखस झटकली आणि घासाची सगळी रीत सांगितली. बोलताना तिची गुजराती अशी सरसर चालली की मी ट्रंकेवरून हळूच खाली उतरलो. नायक बदलला होता.

बाई ऐकत होत्या. मग त्या रिकाम्या चौकोनाकडे बघून म्हणाल्या, “तो हवे ए भूखी?” (मग आता ही उपाशी?)

“हो, बेन. आणि भुकी गोधडी कोणले देवानी नही,” मंगल घाईत अहिराणीतच बोलून गेली. (उपाशी गोधडी कुणाला द्यायची नसते.)

“तो एने जमाडो.” (मग तिला जेवू घाला.)

पण काय घालणार? भाकरी नवागामात राहिलेली. मी खिसे चाचपले, तिथे फक्त बल्बाचे स्क्रू. तेवढ्यात बाईंनी पर्स उघडली आणि कागदात गुंडाळलेला खाकरा काढला. कुठलीही गुजराती पर्स खाकऱ्यावाचून घराबाहेर पडत नाही, हे माझं या प्रवासातलं संशोधन.

“मारा हाथे मूकुं?” (माझ्या हाताने ठेवू?)

मंगलने गोधडी पुढे केली. बाईंनी खाकऱ्याचा कोपरा मोडून मध्यभागी ठेवला, आणि मंगलने सगळ्यांदेखत त्यावर चौकोन बसवून टाके घालायला सुरुवात केली. बाई माझ्या ट्रंकेवर बसून राहिल्या. शेवटचा टाका पडल्यावर गोधडी त्यांनी पिशवीत घातली नाही, खांद्यावर टाकून नेली. अख्खा बाजार फिरल्या. याहून मोठी जाहिरात मी तरी पाहिली नाही.

मग रांग लागली. मंगलने प्रत्येक गोधडीचा चौकोन उसवायचा, गूळपोळीला निरोप द्यायचा, आणि घेणाऱ्याने आपल्या हाताने घास ठेवायचा. एकाला घारी (तुपातली सुरती मिठाई) घालायची होती.

“काका, परत मुंग्या येतील,” मंगल म्हणाली.

“मग शेव?”

“तेलाचा डाग पडेल. काहीतरी कोरडं, गरिबाचं द्या ना.”

काकांनी हार मानून शेजारच्या गाडीवरून ज्वारीचे चार दाणे मागून आणले. एका आईने कॅनडातल्या मुलीला पाठवायची म्हणून गोधडी घेतली आणि धावत घरी जाऊन डब्यातले गहू घेऊन आली. मंगलने त्या चौकोनाचे टाके सगळ्यांत दाट घातले.

मंगलचा वेग कमी पडू लागला, कारण दर वेळी सुईत दोरा ओवायला थांबावं लागे. एकदा तिने हात मागे केला तर हातात ओवलेली सुई आली. वळून बघितलं तर दाजी. लूमवर तुटलेले तार जोडणारे हात ते, एका फटक्यात दोरा पार. त्यांनी दुसरी ओवली, तिसरी ओवली आणि शर्टाच्या खिशाला लावून ठेवली. थोड्या वेळाने पुढे येऊन त्यांनी खणखणीत गुजरातीत आरोळी ठोकली, “आवो, आवो, तमारी गोधडीने तमे जमाडो!” (तुमच्या गोधडीला तुम्हीच जेवू घाला!)

“दाजी, झोप नाही आली?” मी विचारलं.

“तुम्ही तुमच्या किटल्या बघा,” ते म्हणाले.

माझ्या किटल्यांपैकी एकही विकली गेली नाही. पण संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर मंगलला टाके दिसेनात, तेव्हा मी एक किटली पेटवून तिच्या हाताशी धरली. शेवटच्या गोधड्या त्या उजेडात जेवल्या. संपल्यावरही लोक विचारत होते, तेव्हा दाजींनीच त्यांना नवागामचा पत्ता सांगितला.

सोमवारी सकाळी टेम्पो आला. ड्रायव्हरने दारातून हाक मारली, “मशीन कुठंय?”

दाजी दारात आडवे उभे राहिले. “मशीन जात नाही.” मग खात्यातून आणलेली एक फळी त्यांनी मशीनवर आडवी टाकली, ती हलत नाही ना हे दाबून बघितलं आणि लेकीला म्हणाले, “बस इथे. तू उठलीस की आई बसेल.”

“मग मी रिकामा जाऊ?” ड्रायव्हर म्हणाला.

“रिकामा कशाला,” दाजींनी माझ्याकडे बघितलं. “शालकसाहेबांचं भंगार आहे की.”

अशा रीतीने जो टेम्पो मशीन न्यायला आला होता, तो माझे दिवे घेऊन खानदेशात परतला. एक किटली सोडून. ती भाचीच्या फळीवर आहे.

मी गाडीने आलो, मांडीवर मंगलने दिलेली गोधडी घेऊन. नवापूरला या वेळी उतरलो नाही. ऊब सोडून कोण उतरतं.

घरी सौभाग्यवतींनी दार उघडलं, माझ्या हाताकडे पाहिलं. “ट्रंक?”

“टेम्पोने येतेय. भरलेली.”

“म्हणजे काहीच विकलं नाही.”

“मी नाही,” मी म्हणालो, आणि गोधडी पसरून मधला चौकोन दाखवला. मंगलने तो एका बाजूने उघडाच ठेवला होता. सगळी हकीकत मी ट्रंकेशिवाय, पण ट्रंकेवर उभा असल्यासारखी सांगितली. त्या दिवशी मला कळलं, की विकायला नेलेल्या वस्तूचं वय कुणीच विचारत नाही. माणसाला त्यात आपला हात घालायला थोडी जागा हवी असते. माझ्या किटल्यांना मी भोकं पाडली खरी, पण ती सगळी वायरीसाठी.

सौभाग्यवती आत गेल्या. सकाळच्या भाकरीचा एक कोरडा तुकडा घेऊन आल्या, चौकोनात सरकवला, आणि सुई माझ्या हातात दिली.

“शिवा,” त्या म्हणाल्या. “भोकं पाडून झाली असतील तर एखादं बुजवा.”