चौथ्या पानावरचे चार प्रश्न

तिला सगळे फॉर्मताई म्हणायचे. पेशंट बायका म्हणायच्या, नर्सा म्हणायच्या, घाईत असल्या की मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा. खरं पद ‘संशोधन साहाय्यक’ असं होतं, पण ते फक्त तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर लिहिलेलं, आणि ते ओळखपत्र कायम उलटं फिरलेलं.

काम सांगायला सोपं होतं. अंडाशयाच्या कर्करोगाचं ऑपरेशन आणि सलाइनमधली औषधं संपली की बायकांना रोज एक नवी गोळी द्यायची. त्या गोळीनं आजार परत यायला उशीर होतो का, आणि तोवर ती बाई जगते कशी, एवढं पाहायचं. पहिल्याचं उत्तर रक्ताच्या नळ्या आणि स्कॅन देत. दुसऱ्याचं फॉर्मताई आणायची. दर दोन महिन्यांनी अठ्ठावीस प्रश्न, चार पानं, प्रत्येक प्रश्नापुढे चार चौकोन: अजिबात नाही, थोडंसं, बरंच, खूप.

फॉर्म खरं तर बाईनं स्वतः भरायचा. पण कोणाचा चष्मा घरी राहिलेला, कोणाच्या उजव्या हाताला रक्तासाठी सुई लावलेली, कोणाला अक्षरं बघूनच घाम फुटलेला. मग फॉर्मताई स्टूल ओढून बसायची आणि मोठ्यानं वाचायची. यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. ‘तसं काही विशेष नाही’ म्हणजे ‘बरंच’ हे तिला कळायचं, आणि तरी ती दुसऱ्यांदा विचारून त्या बाईच्याच तोंडून ते काढून घ्यायची. एकदा एक शिक्षिका म्हणाली, “खूप म्हणजे किती हो? सासूबाई मुक्कामाला आल्यावर होतो तेवढा त्रास?” शेजारी औषध चढवून घेणाऱ्या बायकांसकट आख्खी खोली हसली होती. सहा खुर्च्या, सहा सलाइनच्या बाटल्या, आणि हसताना प्रत्येकीनं आपलं पोट धरलेलं.

पंचविसाव्या प्रश्नापासून चौथं पान सुरू व्हायचं. नवऱ्याजवळ जाण्याची इच्छा कमी होणं, जवळ गेल्यावर दुखणं, कोरडेपणा, त्यापायी टाळाटाळ. अंडाशय काढून टाकले की बाईचं शरीर एका रात्रीत वीस वर्षं पुढे जातं, म्हणून ते प्रश्न.

पहिल्या वर्षी तिनं ते विचारले होते. एके दिवशी एका साठीच्या बाईंसमोर ती पंचविसावा प्रश्न वाचत असताना पडद्याच्या फटीतून जावई पाण्याची बाटली घेऊन आत आला. प्रश्न पुरा झालेला होता. जावयानं बाटली ठेवली, भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र लक्ष देऊन पाहिलं, आणि बाहेर गेला. बाईंनी चादर तोंडावर ओढून घेतली. पुढच्या तारखेला त्या आल्या नाहीत. त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, आईला आता नको झालंय सगळं.

त्यानंतर फॉर्मताई चोविसावा प्रश्न झाला की “झालं आपलं” म्हणून फाइल मिटायची. मग रक्ताच्या नळ्या पोचवायला जाताना, कॉरिडॉरच्या खिडकीत फाइल टेकवून, चौथ्या पानावर चार खुणा करायची. अजिबात नाही, चार वेळा. बायकांना संकोचातून सोडवलं, असं ती स्वतःला सांगायची. आधी सांगावं लागायचं, पुढे सांगायचीही गरज उरली नाही.

वर्षातून तीनदा बाहेरून तपासनीस यायचे आणि फाइली उलगडून बसायचे. हेच संशोधन चालणाऱ्या बाकीच्या केंद्रांमध्ये चौथं पान अर्धं कोरं असतं, इथे मात्र एकही प्रश्न कोरा नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. तो कागद डॉक्टरीणबाईंनी फलकावर लावला. मागच्या वर्षी सभेत त्यांनी आकडे मांडले. इतर ठिकाणी निम्म्याहून जास्त बायकांना हा त्रास होता, आपल्याकडे शून्य. कोणीतरी म्हणालं, आपल्या बायका सोशिक. या तक्रारींसाठी आठवड्यातून एक दिवस बसणारी खास नर्स मिळणार होती, ती मग दुसऱ्या केंद्राला दिली गेली. फॉर्मताई मागच्या रांगेत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या.

तिच्या धाकट्या जावेलाही हाच आजार झाला होता; एव्हाना तिला गोळी सुरू होऊन सव्वा वर्ष झालं होतं. एकाच घरात वर थोरली, खाली धाकटी. नात्यातल्या पेशंटचा फॉर्म दुसऱ्या कोणी भरायचा असा नियम होता, पण दुसरं कोणी नव्हतंच. जाऊ तपासणीला आली की दोघी पडद्याआड बसायच्या, चोवीस प्रश्न व्हायचे, आणि मग गप्पा.

एका दुपारी जाऊ वर आली. फॉर्मताई वाळलेले कपडे आवरत होती. जावेनं पलंगावर बसून एक उशीचा अभ्रा उचलला आणि घडी न घालता मांडीवरच ठेवला.

“जाऊबाई, मी शेवटी डॉक्टरीणबाईंना विचारलं,” ती म्हणाली. “तीन महिने मनात पाठ करत होते. ह्यांचं माझं दोन वर्षं काही नाही. जमतच नाही मला, जीव जातो. त्यांनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाल्या, तुम्ही तर दर वेळी ‘अजिबात नाही’ लिहिलंय. मग आता अचानक काय झालं, घरी काही ताण आहे का?” ती हसली. “औषधांनी डोकं चालत नाही म्हणतात, ते खरंच असेल. मी कधी लिहिलं हो असं?”

“बघते,” फॉर्मताई म्हणाली. “फाइल बघून सांगते.”

जाऊ खाली गेली. फॉर्मताईनं त्याच अभ्र्याची तीनदा घडी घातली. तिचा दीर वर्षभर बाहेरच्या खोलीत जमिनीवर झोपत होता. पाठ दुखते, डॉक्टरांनी कडक अंथरूण सांगितलंय, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. त्यावर घरात सगळ्यात जास्त थट्टा तिनंच केली होती. भावजींना लष्करात भरती व्हायचंय वाटतं, असं काहीबाही. आता ते आठवून तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी तिनं जावेची फाइल काढली. आठ फॉर्म. संशोधनाच्या कागदावर खाडाखोड चालत नाही. चूक झाली तर त्यावर एकच आडवी रेघ मारायची, जुनं उत्तर वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर उत्तर, सही आणि आजची तारीख. हे तिनंच दोन नव्या मुलींना शिकवलं होतं. तिनं शेवटच्या फॉर्मवर ‘अजिबात नाही’वर रेघ मारली, ‘खूप’वर खूण केली, सही केली, तारीख घातली. एवढ्यानं जावेचं काम होणार होतं. कोणी विचारलं असतं तर, घाईत चुकीचा चौकोन पडला, एवढं पुरलं असतं.

मग ती त्याच्या आधीच्या फॉर्मकडे वळली आणि पेन थांबलं. त्या वेळी काय होतं? थोडंसं, बरंच, की तेव्हाही खूप? तिला माहीत नव्हतं. समोर कपाटात बासष्ट जणींच्या फाइली आणखी होत्या. प्रत्येकीच्या चौथ्या पानावर ती रेघ मारू शकली असती, पण शेजारी लिहायला एकीचंही उत्तर तिच्याकडे नव्हतं. आणि पंचवीस जणी तर आता सांगायलाही नव्हत्या. त्यांनी असा त्रास सोसलाच नाही, हे मात्र तिच्या हातानं कायमचं नोंदलेलं होतं.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत ती बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, “चौथं पान मी विचारत नाही. चार वर्षं मीच भरते आहे.”

डॉक्टरीणबाईंना आधी कळलंच नाही. कळल्यावर त्यांनी विचारलं, किती जणींचं. तिनं सांगितलं. त्यातल्या किती आहेत? अडतीस. हा आकडा तिला पाठ होता.

ओरडा खाण्याची तिची तयारी होती. डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी फलकावरच्या त्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाल्या, “फॉर्म विचारतो म्हणून मी कधी विचारलं नाही. आणि परवा तुमची जाऊ इथं रडवेली होऊन बसली होती, तिला मी घरी ताण आहे का म्हणाले.” एवढंच. त्यानंतर त्यांचा आवाज कामाचा झाला. सगळं स्वतःच्या अक्षरात लिहून द्यायचं, ते संशोधनावर देखरेख ठेवणाऱ्या समितीकडे जाईल. या चार प्रश्नांपुरतं आपलं केंद्र बाद. जावेला उद्याच पाठवायचं, औषध आहे, नीट समजावून सांगायला माणूसही शोधू. आणि समितीचं होईपर्यंत फॉर्मला हात लावायचा नाही. नळ्यांना चिठ्ठ्या चिकटवायच्या.

संध्याकाळी ती खाली गेली. जाऊ ओट्याशी उभी राहून घेवडा निवडत होती. दीर अजून आला नव्हता.

फॉर्मताईनं जे केलं ते सांगितलं. जावयाची हकिगतही सांगितली, आणि सांगतानाच तिला ती सबब वाटायला लागली. जावेनं शेंगा बाजूला सारल्या.

“दुसऱ्या बायकांचं मी समजू शकते,” ती म्हणाली. “कोणाचा मुलगा उभा, कोणाची सासू. आपण तर पडद्याआड दोघीच असायचो.”

फॉर्मताईनं बाजूला सारलेल्या शेंगांतली एक उचलली.

“मी वाट बघायची. वाटायचं, जाऊबाईंनी विचारलं की सांगून टाकावं. तुम्ही फाइल मिटायचा आणि बाजारभाव काढायचा. मला नव्हती हो वाटत लाज. तुम्हाला वाटायची.”

नळ थेंब थेंब गळत होता. जावेनं तो पिळून बंद केला.

“आता विचारा.”

फॉर्मताईनं तोंड उघडलं. पंचविसावा एवढं आठवलं, प्रश्नाचे शब्द आठवेनात. चार वर्षांत तिनं ते पान वाचलंच नव्हतं. शेवटी तिनं आपल्याच शब्दांत विचारलं, फरशीकडे बघत, अर्धवट, शाळेतल्या मुलीसारखं अडखळत. जाऊ सांगायला लागली. पहिली रात्र, नंतरच्या रात्री, ह्यांनी आधी समजून घेतलं ते, मग रागावले ते, मग बाहेर अंथरूण घातलं ते. मध्येच ती थांबली.

“वर बघा,” ती म्हणाली. “मी एवढं सांगते आहे तर निदान वर बघा.”

फॉर्मताईनं मान वर केली. तेवढंही तिला पहिल्या फटक्यात जमलं नाही.