उधईनं खाल्लेलं अस्वल आणि आमच्या तानीबाई

माझ्या गुरू काल दुपारी गेल्या.

त्या शाळेत खिचडी शिजवायच्या.

हसू नका. खरं तेच लिहितो आहे.

मी जन्मभर वेल्डर. रिटायर झालो आणि जिवतीच्या डोंगरावर आपल्या गावी परतलो. हाताला खाज होती. शाळेच्या मोठ्या बाईंना म्हटलं, दर शनिवारी पोरांना टाकाऊ सामानातून मूर्ती करायला शिकवतो. पुठ्ठा, पोतं, फुटके डबे, झाडूच्या काड्या. घरात जे असेल ते.

मला तरी कोणी शिकवलं होतं? पाहून पाहून शिकलो. म्हणून माज जरा जास्तच.

पहिलंच मोठं काम काढलं अस्वलाचं. चंद्रपूरला शाळांचं प्रदर्शन होतं, तिथे न्यायचं होतं. पुठ्ठ्याचं अंग, वरून पोतं, सगळं मैद्याच्या खळीनं चिकटवलेलं. पोरं कोपरापर्यंत बरबटलेली.

तानीबाई चुलीपासून पाहत होत्या. म्हणाल्या,
"भाऊ, मैदा नोका लावू. उधई लागन."

मी काय म्हणालो असेन?

"बाई, तुमची खिचडी करपून राह्यली. तिकडं पाहा."

पोरं खदखदा हसली. तानीबाईंनी वळून चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

दिवाळीची सुटी लागली. अस्वल मागच्या खोलीत, मातीच्या जमिनीवर ठेवलं. सुटी संपल्यावर पाचवीतल्या सुनंदानं मोठ्या हौसेनं उचललं.

डोकं हातात आलं. बाकीचं जमिनीवरच राहिलं.

वरून पोतं, आत नुसती माती. उधई म्हणजे वाळवी, बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. गर्वाचं घर खाली म्हणतात. माझं तर खालूनच खाल्लं होतं.

सुनंदा रडायला लागली. तिच्यामागे सगळा वर्ग. प्रदर्शन पंधरा दिवसांवर.

आणि तानीबाई पोट धरून हसत होत्या.

"अस्वल उधई खाते भाऊ! हे तुमचंच अस्वल पायलं, ज्याले उधईनं खाल्लं!"

पोरं रडता रडता हसली. मीही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून एक टोपली आणली. काळपट, हलकी, टणक. कागदाच्या लगद्याची.

"माह्या सासूनं केली. इतकी वर्सं जमिनीवरच हाय. एक तरी भोक दाखवा."

"यात काय घातलं बाई?"

"मेथी. कडू हाय ना, तिले तोंड नाई लावत कोणी." मग हळूच म्हणाल्या, "माह्यासारखी."

मग पंधरा दिवस शाळेत कोण शिकवत होतं ते गावानं पाहिलं. पोरांनी जुन्या वह्या फाडून भिजवल्या. तानीबाईंनी भिजवलेली मेथी पाट्यावर वाटून त्यात मळली. वरणाचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, पालथा घालून त्यावर लगदा थापला, ते झालं पोट. लोट्यावर थापलं, ते डोकं. उन्हात कडक वाळलं की अलगद सोडवायचं.

मी घाईनं ओलंच सोडवायला गेलो, तर हातावर चापट बसली.

"भाकर कच्ची असली तं तव्यावरून काढता काय?"

केसांना काथ्या, चुलीच्या काजळीत काळा केलेला. नखांना जुन्या टूथब्रशच्या दांड्या. डोळे रिठ्याच्या बियांचे. छातीवरचा पांढरा पट्टा राहिला होता. तो तानीबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याचा काठ फाडून लावला.

अस्वल घेऊन आम्ही एसटीनं निघालो. कंडक्टर म्हणाला, "बाई, याचं हाफ का फुल?"

"लेकरू हाय भाऊ. मांडीवर घेतो ना!"

चंद्रपूरपर्यंत घेतलंही.

आता जे लिहितो, ते आजवर कुठं लिहिलं नाही.

प्रदर्शनातल्या पाटीवर मी फक्त माझं नाव छापून नेलं होतं. 'मार्गदर्शक' म्हणून. मोठ्या अक्षरात.

सुनंदानं वाचलं. "आबाजी, तानीबाईचं नाव कुठी हाय?"

"जागा नाई पुरली बेटा."

"इथी तं अर्धा कागद रिकामाच हाय."

तानीबाईच म्हणाल्या, "राहू दे वो माय. मले वाचता तरी येते काय?"

ते वाक्य मला अजून सलतं.

सुनंदानं पेन काढला. माझ्या नावाखाली 'तानीबाई' लिहिलं. मग बाईंचं बोट धरून एकेक अक्षरावरून फिरवलं. ता. नी. बा. ई.

लोक येत होते, अस्वलाचे फोटो काढत होते. बाईंचं बोट त्या कागदावरून हटत नव्हतं.

बक्षीस मिळालं का, असं अजून लोक विचारतात. नाही मिळालं. पण ते अस्वल आजही शाळेच्या व्हरांड्यात, जमिनीवरच उभं आहे. किती पावसाळे गेले. उधई आजूबाजूला फिरते, त्याला शिवत नाही.

सुनंदा आता कॉलेजात आहे. सुटीत गावी आली की लहान पोरांना लगदा मळायला शिकवते. काल बाईंच्या मातीहून परत येताना मला म्हणाली, "आबाजी, मेथी किती घालायची ते बाईनं कधी मोजून नाई सांगतलं. चाखून पाहायला लावायची."

मी म्हटलं, "मलाही."

आज सकाळी शाळेत गेलो. ती जुनी पाटी अस्वलाच्या पायाशी टाचलेली असते, पेनची अक्षरं पुसट झाली होती. ती काढली. नवी लावली.

मार्गदर्शक: तानीबाई.
खाली, बारीक अक्षरात, मदतनीस म्हणून मी.

कागद अर्धा रिकामा ठेवला आहे. पोरं आपापली नावं लिहितील.

बाई, दर शनिवारी सकाळी चुलीपासून तुम्हीच आधी नमस्काराची हाक द्यायच्या, "जोहार भाऊ."

आज मी आधी म्हणतो.

जोहार, तानीबाई.