डाव्या डोळ्याखाली

घोडीच्या तोंडावर दाढीचं मशीन चालवू नये, असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. माझा बचाव एवढाच. मोबाइलवर मी जे व्हिडिओ पाहिले होते त्यांत एक परदेशी बाई घोड्याच्या हनुवटीवरचे लांब केस असेच काढत होती, आणि तिचा घोडा डोळे मिटून शांत उभा होता. आमची घोडी डोळे उघडे ठेवून उभी होती. मशीन गुरगुरलं, तिनं मान झटकली, आणि डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून गालापर्यंत केसांचा एक पट्टा साफ निघून गेला.

पांढऱ्या घोड्याची कातडी आतून काळी असते, हे मला तेव्हा कळलं. पांढऱ्या तोंडावर डोळ्यातून ओघळल्यासारखी काळी रेघ. मी ती सारखी करायला गेलो. माझ्या हातून बिघडलेल्या वस्तू दुरुस्त करतानाच जास्त बिघडतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त घोडीला ठाऊक नव्हतं. रेघ बोटभर रुंद झाली.

घोडी माझ्या बायकोच्या थोरल्या भावाची. नरखेड तालुक्यात दादांची संत्र्याची बाग आहे. त्या हिवाळ्यात मी दर शनिवारी मनीषनगरहून तिकडे जात होतो, कारण घोडी पहिल्यांदाच एका स्पर्धेत उतरणार होती. बुटीबोरीच्या अलीकडे एका मैदानावर घोड्यांच्या शौकिनांनी ठेवलेली लहानशी स्पर्धा. तिच्यात घोड्यावर बसायचं नसतं. दोरी हातात धरून त्याला पंचासमोर उभं करायचं, चालवायचं, पळवायचं. पंच त्याचं अंग, पाय, चाल आणि स्वभाव पाहतो. मी या कामात शिरलो कसा, तर कोणी विचारलं नसताना ‘मी येतो मदतीला’ म्हणालो म्हणून. घोड्याशी माझा त्याआधीचा संबंध लग्नातला. वरातीत मी एकावर बसलो होतो आणि मंडपाच्या आधीच उतरलो होतो, घोड्याच्या मर्जीनं.

दादांना बक्षीस नको होतं. त्यांना वेगळंच काही हवं होतं.

घोडी घरात आली त्याच वर्षी वहिनी गेल्या. साधा ताप आला, दवाखान्यात नेलं, तिथून त्या परत आल्याच नाहीत. तेरवीला आलेल्या एका लांबच्या काकांनी जेवून हात धुता धुता दादांना विचारलं, “त्या घोडीच्या डोळ्याखाली भोवरा तं नाही ना गा? घेतानी पाह्यलं होतं काय?” डोळ्याखाली केसांचा भोवरा असलेल्या घोड्याला आसूढाळ म्हणतात. असं जनावर ज्याच्या दारात, त्याच्या घरी रडणं येतं, असं मानणारे लोक अजून पुष्कळ आहेत. काका हात पुसून निघून गेले. प्रश्न तिथंच राहिला.

दादांनी उठून पाहायला हवं होतं. त्यांनी पाहिलं नाही. हे मला फार उशिरा उमजलं, तेही सरावात. घोडा डाव्या बाजूनं धरून चालवतात. दादा मात्र तिच्या उजव्या अंगानं चालायचे. मी व्हिडिओतलं ज्ञान पाजळलं, “दादा, डावीकडून धरावं लागतं.”

“मले इकडूनच जमते,” ते म्हणाले.

खरारा उजवीकडून. चारा उजवीकडून. डाव्या बाजूला काही करायचं असलं की बागेतल्या गड्याला हाक. घोडी त्यांच्याकडे तोंड वळवायला लागली की ते हलकेच तिच्या मानेमागे सरकायचे. मी एकदा हसून म्हणालो, “दादा, ती तुमच्यावर रुसली का तुम्ही तिच्यावर?” ते खरारा करत राहिले. घोडीनं मात्र मान वळवून तो डावा डोळा माझ्यावर रोखला, आणि मला उगाचच आपण भलत्या घरात भलतं बोललो असं वाटलं.

आणि तरी तिच्यामुळंच ते उभे होते. वहिनी गेल्यावर दादा खाटेवरून उठेनात. बागेत संत्री गळून पडली तरी उठले नाहीत. घोडी भुकेनं दारावर खूर आपटायला लागली तेव्हा उठले, ते तिच्यासाठी रोज उठू लागले. “ती घोडी गेली तं दादा पुन्हा झोपन,” बायको म्हणायची, “आन मंग उठणार नाही.”

दादांचा बेत त्यांनी मला गोठ्याजवळ उभ्या उभ्या सांगितला. “जाणत्या माणसानं पाहू द्या, जावईबापू. पंचाचं म्हणे सारं आयुष्य घोड्यातच गेलं. तो भोवरा नाही म्हणाला तं घोडी माही. हो म्हणाला तं तिथूनच जाऊ द्या. एकाले टेम्पो घेऊन बलावलं आहे मैदानावर.”

अशा घोडीच्या नेमक्या त्या जागेवर मी मशीन चालवलं होतं.

दादा गोठ्यात आले आणि सवयीनं उजवीकडे उभे राहिले. मला सांगावं लागलं. मग ते तिला वळसा घालून डावीकडे आले, माझ्या देखत पहिल्यांदा. बराच वेळ त्या काळ्या रेघेकडे पाहत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“आता काय दिसणार?” ते म्हणाले. “बाजारात भोवरा लपवाले लोक हेच करतात. असा भादरलेला घोडा पाह्यला का गिऱ्हाईक इचारतही नाही, पुढं चालला जाते.”

“मी तर फक्त केस...”

“तुमी काहून केलं ते मले समजते. पण तुमच्या हाताले तीच जागा काहून सापडली?”

मी मशीनच्या दात्यांतले पांढरे केस फुंकरीनं काढू लागलो.

स्पर्धेच्या सकाळी मैदानावर गवत दवानं ओलं होतं आणि मैदानाच्या कडेला एक रिकामा टेम्पो मागचं फाळकं उघडं टाकून उभा होता. आत नवं गवत अंथरलेलं. टेम्पोवाला चहा पीत होता आणि मधूनमधून आमच्या घोडीकडे पाहत होता, घाई नसलेल्या माणसासारखा. मी माझ्या अकलेनं रेघेवर टाल्कम पावडर थापली. घोडी शिंकली, माझा शर्ट पांढरा झाला. बायको नुसती उभी होती. एरवी तिनं अशा वेळी मला सोडलं नसतं. तिच्या गप्प बसण्याची मला जास्त भीती वाटली.

आमची पाळी आली. दादांनी दोरी डाव्या बाजूनं धरली. नियमच होता. घोडी त्यांच्याशेजारून अशी चालली, अशी पळाली, की कडेचे लोक बोलायचे थांबले. मग पंच जवळ आले. उंच, पिकल्या मिशांचे. पाय पाहिले, दात पाहिले, पाठीवरून हात फिरवला आणि डाव्या डोळ्याखाली अंगठा टेकवला. अंगठा पांढरा झाला. त्यांनी तो नाकाशी नेला.

“हे काय?”

“साहेब, पावडर,” मी मैदानाभोवतीच्या दोरीबाहेरून म्हणालो. “आणि खालचे केस मी काढलेत. दाढीच्या मशीननं. चुकून.”

लोक हसले. पंच हसले नाहीत. त्यांनी पावडर पुसली आणि अंगठा त्या खुंटांवरून वर नेला, खाली आणला, पुन्हा वर नेला. एका जागी तो थांबला. मला वाटलं, फार वेळ थांबला. त्यांनी दादांच्या तोंडाकडे पाहिलं. दादा टेम्पोकडे पाहत होते.

“केसच नाहीत, तर मी काय सांगू?” पंच म्हणाले. “केस येऊ द्या. जनावर चांगलं आहे.” पुढं जाताना मला हळूच म्हणाले, “पावडर नका लावू. डोळ्यात जाते.”

नंबर काही आला नाही. टेम्पोवाल्यानं फाळकं लावलं आणि रिकामा टेम्पो घेऊन निघून गेला. दादांनी घोडीच्या मानेवर हात ठेवला. “केस येईपर्यंत राहू देतो,” ते म्हणाले. “आले का मीच पाहतो. आता दुसऱ्याले इचारत नाही.”

परतताना घोडीची पिकअप पुढं होती, आमची गाडी मागं. जाळीतून तिची शेपटी दिसत होती. मनीषनगरला वळायचं आलं, पिकअप सरळ गेली, आणि मी मोकळा श्वास घेत म्हणालो, “चला, सुटलो. भोवरा-बिवरा काही नसणारच. उगाच त्या काकांचं...”

“होता,” बायको म्हणाली.

मी गाडी बाजूला घेतली.

“वयनीनं मले दाखवला होता, घोडी आली तवाच. म्हणे, तुह्या दादाले सांगू नको, मोठ्या हौसेनं आणली त्यानं.” मग ती काचेबाहेर पाहत राहिली, जिकडे पिकअप गेली होती तिकडे. “पुढच्या शनिवारी जासान तं ते मशीन संग न्या. आन केस वाढले का पुन्हा जात जा.”