उत्तर न देणाऱ्यांची वाट

कानाची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं लोकांना आठवे. एरवी तो फाटेकर. कारण सरळ चाललेल्या कुठल्याही कामाला फाटे फोडणं हीच त्याची नोकरी होती, आणि तो ती मन लावून करी.

यंत्र दुरुस्तीला आलं की पुढचं सगळं आपोआप व्हावं म्हणून तो संगणकाच्या पडद्यावर चौकटी काढी आणि त्यांना बाण जोडी. वॉरंटी आहे? मग बाण थेट दुरुस्तीच्या टेबलाकडे. नाही? मग ग्राहकाला खर्च कळवा. होकार आला तर दुरुस्ती, नकार आला तर यंत्र परत. पूर्वी हे काउंटरवरच्या बाई करत. त्या निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी बाण आले. बाण रजा मागत नाहीत, हे मालकांना फार भावलं होतं.

घरी बायको म्हणे, "जगाचं होय-नाही लावतोस, आणि भाजी कुठली आणू विचारलं की 'बघू'. त्या 'बघू'चा बाण कुठे जातो रे?"

फाटेकर म्हणे, "बघू."

त्याला लहानाचं मोठं केलं ते आत्याने. पुढच्या खोलीत व्हायोलिनचा क्लास चालवून तिने त्याचं शिक्षण केलं होतं. वयोमानाप्रमाणे तिचे कान गेले, तेव्हा यंत्र आलं. आणि आता यंत्रही बिघडलं. फाटेकर ते घेऊन निघाला तेव्हा तिने बजावलं, "ओळख लावायची नाही. रांगेतून जाऊ दे. भाच्याच्या वशिल्याने ऐकू आलेलं मला ऐकायचं नाही."

यंत्र रांगेतून गेलं आणि दुरुस्त न होताच परत तिच्या घरी पोचलं. नोंदीत शेरा होता: ग्राहकाचा नकार.

फाटेकरला नवल वाटलं नाही. आत्याचा स्वाभिमान त्याला ठाऊक होता. खर्च ऐकून नाही म्हणाली असेल. पण बायको एक दिवस तिच्याकडून आली ती तोंड पाडून. "आत्या क्लास बंद करतायत. मुलं काय वाजवतात ते ऐकूच येत नाही, मग फी कसली घ्यायची, म्हणाल्या. दारावरची पाटी काढून ठेवलीय."

तो तसाच उठला.

आत्या खिडकीपाशी बसली होती. एव्हाना ती ओठ वाचायला बऱ्यापैकी शिकली होती.

"आत्या, हट्ट सोड. पैसे मी भरतो."

"हट्ट? माझा? यंत्र परत पाठवलंत तुम्ही! मी म्हटलं, म्हातारीच्या कानावर कशाला मेहनत घ्या, असं ठरलं असेल तुमचं."

"अगं, तूच नको म्हणालीस."

"कोणाला?"

"फोन आला होता ना? होकार असेल तर एक दाबा, नकार असेल तर दोन?"

तारेवर चुकीच्या जागी पडलेल्या बोटाकडे ती ज्या नजरेने बघे, त्याच नजरेने ती त्याच्याकडे बघत राहिली. "आला होता. फोनचा दिवा लागला, उचलला, कानाला लावला. म्हटलं, मोठ्याने बोला. कोणी बोलेना. पुन्हा आला, पुन्हा तेच. शेवटी चांगलं झापलं मेल्याला आणि ठेवून दिला." मग म्हणाली, "ठोंब्या, माझा कान तुमच्या टेबलावर पडलाय आणि तुम्ही मला फोन करता?"

फाटेकरला फोनवरचा तो रेकॉर्ड केलेला आवाज आठवला. तो आवाज निवडायला अख्खी मीटिंग झाली होती. सगळ्यांनी ऐकला होता, किती स्पष्ट आहे म्हणून मान डोलावली होती. सगळ्यांचे कान ठणठणीत होते. आणि उत्तर आलं नाही तर तो नकारच समजायचा, हा बाण त्याने स्वतःच्या हाताने काढला होता. संध्याकाळ झाली होती आणि त्याला घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने मालकांना सगळं सांगितलं. मालक म्हणाले, "तरीच. टेबलं भराभर रिकामी होत होती. मला वाटलं, आपला वेग वाढलाय."

दुरुस्तीच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या, "आणि मला वाटलं, लोकांना आता एकमेकांचं ऐकायचाच कंटाळा आलाय."

फाटेकरने नवा फाटा अगदी वर काढला: यंत्र आपल्याकडे आहे का? असेल तर फोन नाही, लेखी निरोप. आणि उत्तर न देणाऱ्यांना नकारातून बाहेर काढून वेगळी चौकट दिली: माणसाने जाऊन विचारावं.

"माणूस कुठला?" मालकांनी विचारलं.

"मी."

मग त्याने सगळ्या ऑफिसला कानात कापूस घालायला लावून आपल्याच कंपनीशी व्यवहार करायला सांगितलं. मालक कापूस काढायला विसरले. दुपारभर ऑफिसात विलक्षण शांतता होती.

ज्यांची यंत्रं परत गेली होती त्या ग्राहकांना निरोप गेले आणि होकार येऊ लागले. आत्याचं उत्तर मात्र कुठल्याच बाणात बसलं नाही: "आधी किती टिकेल ते सांगा." ते फाटेकरच्या चौकटीत येऊन पडलं. ताईंना विचारून त्याने कळवलं, नीट वापरलं तर बरीच वर्षं. "मग होय," आत्याने लिहिलं.

यंत्र दुरुस्त होऊन घरी आलं त्या दिवशी फाटेकर तिथेच होता. क्लास बंद झाला तरी येत राहिलेला एकमेव शिष्य, दातांचा एक धिप्पाड डॉक्टर, व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवत होता. आत्याने डोळे मिटले. मग उघडले.

"थांबा. हे असंच वाजवताय तुम्ही, इतके दिवस?"

"तुम्ही छान म्हणत होतात," डॉक्टर म्हणाले.

"आता नाही म्हणत. पहिल्यापासून घ्या."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. त्यांनी गज उचलला, आणि आत्या फाटेकरला म्हणाली, "जाता जाता दारावर पाटी लाव. सरळ लाव."