जन्माआधीचा तेरावा

लिमयेवहिनींचा फोन आला तेव्हा मी वाघोलीच्या शेडमध्ये राजगिऱ्याच्या लाडवांच्या मशीनपाशी उभी होते. ट्रायल चालू होती आणि मशीन मधूनच एखादा लाडू चिरडत होतं. "मीराताई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन दुसऱ्या कोणाच्या तरी हातात गेला. मी फोन पर्समध्ये टाकला, आमच्या फिटरला, शंकरला, पट्टा जरा सैल करायला सांगितलं, आणखी एक लाडू चिरडलेला पाहिला आणि मग म्हटलं, मशीन बंद करा, लिमये गेले. शेवटी बटण मीच दाबलं. नगर रस्त्यावर नेहमीसारखी गाड्यांची रांग लागलेली होती आणि त्या रांगेत बसून माझ्या डोक्यात एकच चाललं होतं... बुधवारची बैठक आता कोण घेणार? माझी मलाच लाज वाटली, पण विचार काही थांबला नाही. इतके आठवडे झाले, अजून थांबलेला नाही. हा लेख मी बसून लिहितेय असं म्हणायला हवं, पण खरं म्हणजे मी दोन ओळी लिहिते, उठते, गॅलरीत जाऊन येते आणि लिहिलेलं खोडते.

दिगंबर लिमये आणि मी धंद्यातले भागीदार. त्याआधी एका मोठ्या कारखान्यात एकाच खात्यात होतो आणि तिथल्या साहेबांना कंटाळून बरोबरच बाहेर पडलो. खाण्याचे पदार्थ पाकिटात भरायची मशीनं आम्ही बनवतो. शेव, मसाले, लाडू, शेंगदाण्याची चिक्की. प्रत्येकाचा पदार्थ वेगळा, म्हणून प्रत्येक मशीन नव्यानं आखावं लागतं आणि प्रत्येक ऑर्डर हा एक नवा प्रकल्प असतो. शेड वाघोलीला आणि ऑफिस नारायण पेठेत, एका स्टेशनरीच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांचं. आखणी माझ्याकडे, आणि कुठली ऑर्डर घ्यायची, कुठली सोडायची हे लिमये बघायचे. आम्ही शेवटपर्यंत एकमेकांना अहो-जाहोच केलं. चिडले की ते मला 'मीराबाई' म्हणायचे, आणि ते बऱ्याचदा चिडायचे. त्यांच्याशी भांडण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं आणि ते फार चांगलं गेलं, हे त्यांना सांगायचं राहिलं.

सुरुवातीला आम्ही दारात येईल ते काम घ्यायचो. मग चिवड्याचं मशीन आलं. गिऱ्हाईक कोकणातलं. त्यांचा चिवडा वेळेवर आला नाही, म्हणून आम्ही कोरड्या पोह्यांवर ट्रायल घेतली. पाकिटं अशी काही फटाफट चिकटत होती की आम्ही खूश. मशीन तिकडे गेलं, त्यात खरा चिवडा पडला आणि एकही पाकीट धड बंद होईना. फोडणीचं तेल कडेला लागलं की प्लॅस्टिक चिकटत नाही, एवढी साधी गोष्ट. मशीन परत आलं, नाव खराब झालं, ते निराळंच. पण लिमयांना त्याहून वेगळीच गोष्ट लागली. त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, आणि निघालं असं की तेलाची शंका सगळ्यांनाच आली होती. शंकरला आली होती, खरेदी बघणाऱ्या कुलकर्ण्यांना आली होती, मला तर आलीच होती. चांगलं काम चाललंय, कशाला अपशकून करा, म्हणून प्रत्येक जण गप्प बसला होता. "म्हणजे सगळे हुशार आणि सगळे सभ्य," लिमये म्हणाले. "असा धंदा बुडायला वेळ लागत नाही."

पुढच्या ऑर्डरच्या वेळी त्यांनी सगळ्यांना नारायण पेठेत बोलावलं, जिलबीचा डबा टेबलाच्या मधोमध ठेवला आणि जाहीर केलं की आज या प्रकल्पाचा तेरावा आहे. वर्ष उलटून गेलंय असं समजा. प्रकल्प मेला. आता प्रत्येकानं सांगायचं, कशानं मेला. कारणं संपल्याशिवाय जिलबीला हात लावायचा नाही. पहिल्यांदा सगळे हसले. मग शंकर म्हणाला, वीज जाते म्हणून मेला. कुलकर्णी म्हणाले, मोटरवाला आपल्याला शब्द देऊन माल दुसऱ्याला देतो म्हणून मेला. 'असं होईल' म्हणायला जे कचरतात ते 'असं झालं' म्हणायला अजिबात कचरत नाहीत, हे लिमयांना कुठून कळलं कोण जाणे. जिवंत प्रकल्पाबद्दल वाईट बोलणं आपल्याकडे अभद्र, मेलेल्याबद्दल मात्र सगळे मोकळेपणानं बोलतात.

खरी गंमत शेवटी असायची. सगळ्यांची कारणं सांगून झाली, जिलबीकडे नजरा वळायला लागल्या, की लिमये खुर्चीत मागे रेलून एकच शब्द म्हणायचे. "अजून?" आणि मग गप्प. ती शांतता इतकी लांबायची की खालच्या दुकानातलं बोलणं वर ऐकू यायचं. कुणाला ती सोसवायची नाही आणि कोणीतरी तोंड उघडायचं, आणि जे कारण त्या शांततेत बाहेर पडायचं तेच बहुतेकदा खरं निघायचं. एकदा अशाच शांततेत कुलकर्णी कसंनुसं हसून म्हणाले, मशीन गिऱ्हाइकाच्या दारातून आतच गेलं नाही म्हणून मेला. सगळे खो खो हसले. लिमये हसले नाहीत. त्यांनी लगेच फोन करून दाराचं माप मागवलं, आणि माझ्या सुरेख आराखड्याचे दोन भाग करावे लागले.

दर ऑर्डरआधीच्या बुधवारी होणाऱ्या या तेराव्याला त्यांनी एक नियम घालून दिला होता. माणसाचं नाव घ्यायचं नाही. विजेनं मरू दे, पावसानं मरू दे, पण 'शंकरमुळे मेला', 'मीराबाईंमुळे मेला' असं म्हणायचं नाही. नाव घेतलं की माणूस स्वतःला वाचवायला लागतो आणि खरं बोलणं संपतं, असं त्यांचं म्हणणं. नियम चांगलाच होता. त्यामुळेच आम्ही इतकं खरं बोलू शकलो. पण त्याच नियमामुळे एक कारण त्या टेबलावर कधीच आलं नाही... आणि आता मी गॅलरीत येरझाऱ्या घालते त्या त्याच कारणापायी.

ते सर्वज्ञ होते असं मात्र कुणी समजू नये. गेलेल्या माणसाला देव करून टाकायची आपल्याला घाई असते, आणि लिमये असते तर त्यांनी पहिला चिमटा त्यावरच काढला असता. सुक्यामेव्याची एक मोठी ऑर्डर त्यांनी अति भीतीपोटी सोडली. तेराव्यात कारणं इतकी निघाली की ते घाबरले. ती ऑर्डर दुसऱ्यानं घेतली आणि त्यावर तो आमच्या कितीतरी पुढे निघून गेला. मी तेव्हा त्यांच्याशी कित्येक दिवस बोलले नव्हते. कारणं मोजून काम सोडायचं असेल तर माणसानं सकाळी अंथरुणातून उठूच नये, असं मी त्यांना ऐकवलं होतं. त्यावर ते म्हणाले, "उठू नयेच. पण उठायचंच असेल तर चप्पल कुठे आहे ते बघून उठावं."

गेल्या वर्षभरात आमच्याकडे सायली आली. मूळची वर्ध्याकडची, आधी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, तिथल्या बसमध्ये आयुष्य चाललंय म्हणून सोडून इकडे आली. तिनं एक मिठाईवाला गाठून दिला. त्यांना एक मशीन नको होतं, अख्खी लाइन हवी होती. वजन करण्यापासून खोक्यात भरण्यापर्यंत सगळं. आम्ही आजवर सुटी मशीनं केलेली. हे घ्यायचं तर शेड वाढवायची, माणसं वाढवायची, बँकेच्या दारात उभं राहायचं. जमलं तर आमचं अख्खं चित्र बदललं असतं. फसलं असतं तर इतकी वर्षं आमच्याबरोबर राहिलेल्या माणसांना घरी बसवावं लागलं असतं. आणि नाही म्हटलं तर सायली परत हिंजवडीची बस पकडणार, हे तिनं न सांगताही मला दिसत होतं.

लिमयांनी सगळं ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही नाही. छातीवर हात फिरवत म्हणाले, सकाळची मिसळ बाधली. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा, आधीही दोनदा सांगितलंय. "बुधवारी बघू," ते म्हणाले. ते डॉक्टरांबद्दल म्हणाले की ऑर्डरबद्दल, हे मी विचारलं नाही, कारण त्यांची सगळीच उत्तरं तशी असायची. जिना उतरताना त्यांनी मागे वळून पाहिलंही नाही. तीच शेवटची भेट. बुधवार त्यांनी पाहिला नाही.

राग येतो मला त्यांचा, अजून येतो. शेडचे मालक तात्या, वाघोलीचे मूळचे शेतकरी, भेटायला आले होते. सांगत होते, "सायेबांनी शेड घ्यायच्या आधी मला इचारलं हुतं, ही पडली तर कशानं पडंल? म्या म्हनलं, सायेब, अजून बांधायची हाय, आत्ताच पाडता व्हय?" सगळे हसलो, हसता हसता मला रडू फुटलं. न बांधलेल्या शेडला जो हा प्रश्न विचारतो, तो माणूस स्वतःच्या छातीत दुखतं तेव्हा मिसळीला नावं ठेवतो. एवढ्या प्रकल्पांचे तेरावे घातले, आणि स्वतःच्या बाबतीत साधी एक तपासणी करून घेतली नाही.

मग त्यांचा खरा तेरावा आला. आम्ही सगळे त्यांच्या घरी जेवायला गेलो. पानात जिलबी वाढली गेली आणि आमच्यापैकी कोणाचाच हात पुढे होईना. वहिनींच्या ते लक्षात आलं. ऑफिसातल्या 'तेरावा' या शब्दावरून त्या वर्षानुवर्षं लिमयांना बोलत आल्या होत्या, घरात तो शब्द काढायची बंदी होती. त्या माझ्या पानासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "घ्या मीराताई. या तेराव्याला कारणं विचारायची नाहीत." मी घेतली.

त्यानंतर ऑफिसात एकच वाक्य फिरायला लागलं, सर काय म्हणाले असते. कुलकर्ण्यांच्या मते ते नाही म्हणाले असते, सुक्यामेव्यासारखंच. शंकर म्हणे, हो म्हणाले असते, कारण त्या दिवशी त्यांनी दोनदा चहा मागवला होता आणि मनात हो असलं की ते दोनदा चहा मागवायचे. मीसुद्धा यात मागे नव्हते. 'बुधवारी बघू' हे ते कुठल्या सुरात म्हणाले, ते मी स्वतःशी म्हणून बघायचे, स्वयंपाक करताना, सिग्नलला थांबल्यावर. मिठाईवाल्यांचे फोन येत होते, मी आज-उद्या करत होते. मला उत्तर नको होतं, मला लिमयांचं उत्तर हवं होतं. शेवटी मिठाईवाल्यांनी निरोप दिला की या आठवड्यात काय ते सांगा, नाहीतर आम्ही दुसरीकडे जातो.

बैठक मीच बोलावली. जिलबी मीच आणली, लिमये आणायचे त्याच दुकानातून. लिमयांची खुर्ची मोकळी ठेवायची की नाही यावर कुजबुज झाली, तेव्हा मी तिच्यावर माझी पर्स ठेवली आणि विषय संपवला. कारणं निघाली. बँक, जागा, नवी माणसं कामाला सरावायला लागणारा वेळ, पेढ्याचा तुपकटपणा... शंकरनं चिवड्याची आठवण काढली. बोलणं संपत आलं, सगळे डब्याकडे बघायला लागले, आणि एकदम सगळेच थांबले. त्या जागी एक शब्द यायचा आणि तो म्हणणारं कोणी नव्हतं. मी वाट पाहिली. मग माझ्या लक्षात आलं की सगळे माझी वाट पाहताहेत.

"अजून?" मी म्हटलं. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. मग गप्प बसले, आणि मला पहिल्यांदाच कळलं की ती शांतता विचारणाऱ्याच्या बाजूनं किती कठीण असते. बोलावंसं वाटतं, पाणी प्यावंसं वाटतं. खालच्या दुकानात कोणीतरी पेनाच्या रिफिलवरून घासाघीस करत होतं. मी हाताची घडी घालून बसून राहिले.

"मॅडम, नियम मोडून राहिली मी, माफ करा," सायली म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती. "हा प्रोजेक्ट लिमये सरांमुळे मेला. सर नाहीत म्हणून नाही. सर काय म्हणाले असते, याचाच विचार आपण करत बसलो म्हणून."

कुलकर्ण्यांनी चष्मा काढून पुसला. मला आधी रागच आला, या मुलीची त्यांच्याशी ओळख वर्षभराचीही नाही, असं वाटलं. मग राग ओसरला. हेच ते कारण होतं, सगळं एका माणसाच्या शब्दावर चालण्याचं. इतक्या वर्षांत त्या टेबलावर न आलेलं. चिवड्याच्या वेळी होतो तसेच आम्ही पुन्हा सगळे हुशार आणि सगळे सभ्य झालो होतो.

मी तिथूनच मिठाईवाल्यांना फोन लावला. म्हटलं, घेतो, पण आधी एकच मशीन, पेढे भरायचं, आणि ट्रायल तुमच्या कारखान्यात, तुमच्या ताज्या पेढ्यांवर. ते धड चाललं तर पुढची लाइन. ते जरा कुरकुरले आणि तयार झाले. हे बरोबर झालं की चूक, मला खरंच ठाऊक नाही. लिमये काय म्हणाले असते, हेही नाही. ते मी शोधायचं सोडलंय असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. अधूनमधून शोधते अजून.

मग डबा फिरला. सगळ्यांनी एकेक घेतली आणि डब्यात एक जिलबी उरली. शेवटची जिलबी नेहमी लिमयांची असायची, बैठक घेणाऱ्यानं सगळ्यांच्या नंतर खायचं, हाही त्यांचाच नियम. शंकरनं डब्याचं झाकण हातात घेतलं, पण लावलं नाही. मी खुर्चीवरची माझी पर्स उचलून खाली ठेवली, तिथे जाऊन बसले आणि ती जिलबी खाल्ली. पार गार झाली होती.