रामकिसनची अंघोळ

चिकलठाण्याच्या त्या कंपनीत रामकिसनएवढा टापटीप माणूस शोधून सापडला नसता. मेंटेनन्सचं काम, दिवसभर हात ग्रीसमध्ये, पण संध्याकाळी गेटबाहेर पडताना शर्टाची इस्त्री मोडलेली नसे. नखं कापलेली, खिशात धुतलेला रुमाल. लोक कौतुक करत आणि त्याला ते आवडे. पन्नाशी उलटलेल्या या माणसाच्या अंगावर एकच जागा अशी होती, जिथं जन्मात कधी नीट पाणी पोचलं नव्हतं.

यात त्याचा दोष किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं. रामकिसन वाढला पिशोरला. तिथं मळ्यातल्या हौदावर बाप, चुलते, गडी सगळे एकत्र अंघोळ करायचे, अर्थात चड्डी घालून. वरून दोन बादल्या ओतायच्या, अंग चोळायचं, टॉवेल गुंडाळून ओली चड्डी पिळायची, झाली अंघोळ. नागव्यानं अंघोळ करू नये, असं आई बजावायची. चड्डीच्या आत काय आणि कसं धुवायचं, हे बापानं सांगितलं नाही, मास्तरांनी सांगितलं नाही. मित्र त्या जागेबद्दल चिक्कार बोलत, पण धुण्याबद्दल एक अक्षर नाही. पुढं नोकरी लागली, शहरात फ्लॅट झाला, बाथरूमला आतून कडी आली. रामकिसन कडी लावायचा आणि चड्डी घालूनच अंघोळ करायचा.

गेल्या दिवाळीनंतर त्याला तिथं खाज सुटली. पुढची कातडी लाल झाली, आत पांढरा थर धरू लागला, लघवी झोंबायला लागली. रामकिसननं काय करावं? आपल्या गल्लीतलं मेडिकल सोडून लांबच्या दुकानात गेला, खाली मान घालून गजकर्णाची ट्यूब मागितली आणि वरून अँटिसेप्टिकच्या पाण्यानं ती जागा भाजून काढली. ट्यूबनं चार दिवस बरं वाटे, मग दुप्पट उसळे. कातडीला चिरा पडल्या आणि ती मागं सरेनाशी झाली. घरात मात्र ब्र काढला नाही.

याच काळात त्याच्या बायकोला, साळूबाईलाही, खाजेचा त्रास सुरू झाला. कोपऱ्यावर उमा आणि विश्वजित या डॉक्टर नवराबायकोचा दवाखाना आहे. उमा डॉक्टरांनी साळूबाईला औषध दिलं, बरं वाटलं, पुन्हा झालं. पुन्हा औषध, पुन्हा तेच. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता येताना मालकांना घेऊन या. साळूबाईनं घरी तसा निरोप दिला आणि रामकिसननं ओव्हरटाइम पुढं केला. त्याच आठवड्यात दुखणं असह्य झालं, तशी त्यानं आपली गादी हॉलमध्ये नेली. पाठ धरलीय, फरशीवर बरं वाटतं, अशी थाप मारली.

साळूबाईनं काही विचारलं नाही. पण ती दोनदोनदा अंघोळ करू लागली, आपला साबण वेगळा ठेवू लागली. मंगळवारचं भजनी मंडळ तिनं चुकवलं नव्हतं कधी, तेही सोडलं. रामकिसन हे सगळं बघत होता. बघत होता आणि गप्प होता, याचा राग येतो.

एका रविवारी जेवताना ती ताटाकडं बघत म्हणाली, "आता मी नाय जाणार त्या दवाखान्यात. माझ्यातच खोट हाय. तुमी बाहेर झोपता, ते बरंच करता."

रामकिसन अर्ध्या ताटावरून उठला, हात धुतला आणि म्हणाला, "संध्याकाळी चल. मी येतो."

साळूबाई बाहेर बाकावर बसली आणि रामकिसन विश्वजित डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेला. टेबलाकडं बघत त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी तपासलं, बोटाला सुई टोचून साखर बघितली. ती चांगलीच वाढलेली निघाली.

"साखर लघवीतून उतरते, तिच्यावर बुरशी पोसते," डॉक्टर म्हणाले. "तुमची बुरशी बायकोला, तिची परत तुम्हाला. एकट्या तिनं औषध घेऊन काय होणार? अंघोळ कशी करता?"

"रोज करतो की, सायेब. चड्डी घालून."

"दार बंद असतं ना?"

"व्हय. कडी लावून."

"मग लाज कुणाची धरता?"

रामकिसननं खालच्या आवाजात विचारलं, "कापावं लागंल का?"

"आत्ता तरी नाही. साखर आटोक्यात ठेवा, मी देतो तेच मलम लावा, कातडी बहुतेक सैल होईल. नाहीच झाली तर छोटं ऑपरेशन असतं, त्यातही लाजण्यासारखं काही नाही. आणि रोज धुवायचं. सहज जाईल तेवढीच कातडी मागं घ्यायची, ओढायची नाही. साधं कोमट पाणी, ना साबण ना अँटिसेप्टिक. कोरडं करायचं आणि कातडी आठवणीनं पुन्हा पुढं आणायची. बायकोचं औषधही आजपासून सोबतच. तिला हे कशामुळं झालं, ते मात्र तुम्ही सांगा."

ते मात्र तुम्ही सांगा! त्यापेक्षा रामकिसनला ऑपरेशन परवडलं असतं. दवाखान्यात धीर झाला नाही. साळूबाईला मागं बसवून त्यानं मोटरसायकल उगाचच जालना रोडला घातली आणि समोर बघत, हेल्मेटच्या आतून सांगून टाकलं. ट्रकच्या घरघरीत तिला एक शब्द कळला नाही. "काय म्हणता?" ती ओरडली. मग त्याला गाडी कडेला घ्यावी लागली, हेल्मेट काढावं लागलं आणि तिच्या तोंडाकडं बघून बोलावं लागलं.

"तुझ्यात काय खोट नाय. माझं दुखणं होतं. माझ्यामुळं तुला होत होतं."

साळूबाई गाडीवरून खाली उतरली. मग तिनं विचारलं, "मंग बाहेर का झोपायले?"

"लई दुखायचं. सांगायची लाज वाटली."

"मला वाटलं, माझा वास येतो तुमाला," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. रस्त्यावरची माणसं वळून बघत होती, पण रामकिसन तिच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा राहिला.

घरी येईपर्यंत तिचं रडू ओसरलं होतं आणि राग चढला होता. सकाळी मात्र तिनं गिझरचं पाणी आपल्या हातानं कोमट करून बादली भरली आणि त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला. रामकिसन आत गेला, कडी लावली. स्टुलावर बसला. हात कमरेशी गेला आणि तिथंच थांबला. पिशोरचा अख्खा हौद जणू आत येऊन उभा होता.

"काढली का?" बाहेरून साळूबाईचा आवाज आला.

रामकिसननं कडी पुन्हा एकदा चाचपून बघितली.

"आवो, मी इथंच हाय दाराशी. कुणी येत नाय. काढा."

थोड्या वेळानं आतून "व्हय" आलं, आणि मग पाण्याचा आवाज.