बाळसं नव्हे, जंत

"पाटील, बैल ठणठणीत आहे. हे पिल्लू मात्र मरून राहिलं."

अमरावतीहून अकोल्याच्या ढोरांच्या दवाखान्यात नुकतेच बदलून आलेले डॉक्टर असं म्हणाले, तेव्हा मी हसतच होतो. गेलो होतो बैलाचा खूर दाखवायला. मांजरीचं पिल्लू टोपलीत घेतलं ते निव्वळ मिरवायला. कापसाच्या जिनातल्या सरकीच्या ढिगात ते मला सापडलं, तेव्हा मूठभर होतं. तीन आठवड्यांत पोट संत्र्याएवढं झालं. "सरकी खाणाऱ्या म्हशीचं दूध पाजतो!" असं मी गावभर सांगत होतो.

आमच्या मंडळींनी एकदा हटकलंही होतं. "अवो, पोट फुगलं अन् पाठीचे मणके बोटाले लागून राहिले. असं बाळसं असते का कुठं?"

"तुले काय समजते?" मी म्हणालो. समजत मलाच नव्हतं.

डॉक्टरांनी पिल्लाचा ओठ वर केला. हिरड्या गुलाबी हव्यात, या पांढऱ्याफटक. "ॲनिमिया," ते म्हणाले. म्हणजे अंगात रक्तच नाही. पोटात जंत, केसांत पिसवा, दोघंही त्याचं रक्त पीत होते. मग मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. "डिहायड्रेशन." म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. माझ्या त्या दाट दुधानं हगवण लागली होती.

"मंग जंताचं औषध द्या ना."

"आज दिलं तर औषधानंच मरन. आधी ऊब द्या. गार पडलेल्या पिल्लाच्या तोंडात काही घालू नका. अन् पिसवांले रॉकेल लावान तर याद राखा!"

घरी मंडळींनी आधी चुलीवर पाणी ठेवलं. टोपलीत सरकी काढलेल्या कापसाची रुई, रुईखाली कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. पाय कोमट झाल्यावर उकळून निववलेलं साखर-मिठाचं पाणी, कापसाच्या वातीनं थेंब थेंब. माझ्याकडे चष्मा लावून बारीक फणीनं पिसवा काढायचं काम.

दुसऱ्या दिवशी पिल्लू आवाजही काढेना. मी सारखा जाऊन कातडीची चिमूट घेऊन बघायचो.

"अवो, चिमटे घेऊनच माराल त्याले!" मंडळी खेकसल्या. डोळे त्यांचेही लाल होते.

तिसऱ्या सकाळी चिमूट सोडताच कातडी झर्रकन बसली, आणि पिल्लानं माझं बोट चावलं. इतकं गोड मला आजवर कुणी चावलेलं नाही. मग शेळीचं दूध, थोडं थोडं. आठवड्यानं डॉक्टरांनी पिल्लाला औषधाच्या पुड्या तोलायच्या तराजूत तोललं आणि जंताची चिमूटभर पूड दिली.

तुमच्या ओसरीवर असं पिल्लू आलं, तर पोट बघून खूश होऊ नका. ओठ उचला, पाय हातात धरून बघा. आणि घरचं माणूस काही म्हणालं, तर ऐका.

आता आमची मांजर सडपातळ आहे. येणारे विचारतात, "काहून पाटील, उपाशी ठेवता का इले?" मी तिला मांडीवर घेतो, ओठ वर करतो आणि गुलाबी हिरड्या दाखवतो. ती दर वेळी ओरबाडते. मंडळी आतून हळद घेऊन येतात.